मागचा शॉक सेट करूनही गाडी पुन्हा डोलते? नागपूरच्या रस्त्यांवर खरा दोष असा शोधा

‘भाऊ, मागून गाडी डोलून राहिली.’ नागपुरात स्पोर्ट बाइकवाल्यांची ही तक्रार मार्चपासून सुरू होते. पावसाळा संपता संपता तिच्यात ‘सिमेंटच्या रोडवर ठोके मारून राहिली’ ही भर पडते. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच इलाज होतो: प्रीलोड, म्हणजे शॉकची स्प्रिंग आधीच जितकी दाबून बसवलेली असते ते, दोन खाचा वाढवून देतात. आठ-पंधरा दिवस गाडी ताठ वाटते, मग तक्रार जशीच्या तशी परत. पुन्हा दोन खाचा. शेवटी प्रीलोड टोकाला जातो, गाडी प्रत्येक सांध्यावर कमरेत आपटते, आणि डोलणं मात्र तिथेच राहतं.

तक्रार परत येते, कारण ज्याने डोलणं थांबतं त्याला कुणी हात लावलेला नसतो. मागच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग, डॅम्पिंग (शॉकमधल्या तेलाचा हालचाल आवरणारा विरोध), लिंकेज (चाकाची हालचाल शॉकपर्यंत नेणारे जोड), टायर आणि चेन अशा पाच गोष्टी एकाच चाकावर काम करतात. एकीचा दोष दुसरीने झाकता येतो, पण थोडेच दिवस. म्हणून कोणता दोष कोणाचा हे आधी ठरवायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही

हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून आकड्यांत सांगतो. समजा स्प्रिंग ९० न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे. रिंग फिरवून ती १० मिमी दाबून बसवली, तर ९०० न्यूटनपर्यंतचा भार ती न हलता पेलेल. पण त्यापुढे प्रत्येक मिलिमीटर दाबायला लागणारं बळ ९० न्यूटनच राहतं. प्रीलोड १५ मिमी केला तरी ९०च. बदलतं ते एवढंच, की गाडी आपल्या एकूण ट्रॅव्हलमध्ये, म्हणजे चाकाच्या वर-खाली होण्याच्या अंतरात, किती उंचीवर बसते.

मग प्रीलोड वाढवल्यावर गाडी कडक का वाटते? कारण ती ट्रॅव्हलच्या वरच्या टोकाला टेकून बसते. रस्त्यात खळगा आला की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि टायर क्षणभर रस्ता सोडतो. शिवाय दाबलेली स्प्रिंग जास्त जोराने उसळी मारते. रिबाउंड डॅम्पिंग (दबलेला शॉक परत उघडताना होणारा विरोध) तेवढंच ठेवलं, तर डोलणं कमी होण्याऐवजी वाढतं. दोन खाचांनी सुरुवातीला बरं वाटतं ते मागचा भाग उंचावल्यामुळे. पुढच्या फोर्कचा कोन थोडा उभा होतो, गाडी पटकन वळते, आणि चालवणाऱ्याला वाटतं की शॉक सुधारला.

शॉकला हात लावण्याआधी टायर, चेन, बेअरिंग

टायरची हवा थंड टायरमध्ये, स्वतःच्या गेजने मोजा. पंपावरच्या गेजवर विसंबू नका, आणि दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीची हवा मोजून ती सोडून देऊ नका. नागपुरात ही बाब किरकोळ नाही. ३६ पीएसआयच्या आसपास हवा असलेल्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसमागे दाब साधारण पावणेदोन पीएसआयने बदलतो. जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळी भरलेली हवा मेमधल्या ४४ अंशांना, गाडी जागेवरून न हलवताही, ५ पीएसआयहून जास्त चढलेली असते. एवढ्या फुगलेल्या टायरचा धक्का कॉम्प्रेशन डॅम्पिंग (शॉक दबताना होणारा विरोध) जास्त असल्यासारखाच लागतो आणि लोक क्लिकर, म्हणजे डॅम्पिंग बदलणारे स्क्रू, सोडत बसतात. उलट कमी हवेचा टायर वळणात वाकतो आणि शॉक मऊ असल्यासारखा भास होतो. आकडा चिमट्यावरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या, स्टिकरवरून घ्या.

टायरचा आकारही बघा. वर्धा रोड, अमरावती रोड, जबलपूरकडचा महामार्ग हे सगळे लांबच लांब सरळ. रोज असं धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध घासून चपटा होतो. वळणात झुकताना त्या चपट्या भागाच्या कडेवरून गाडी ‘पडल्यासारखी’ होते आणि मागून हलते. तो दोष टायर बदलूनच जातो, कोणत्याही सेटिंगने नाही.

चेन जास्त ताणलेली असणं हे या तक्रारीमागचं लपलेलं कारण आहे. चिमटा वर-खाली होताना पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा मुख्य बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात, तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. गाडी रिकामी उभी असताना चेन बरोबर वाटली, तरी त्या जागी तिला ढील उरली नसेल तर चेनच सस्पेन्शनला अडवते. ट्रॅव्हल अर्ध्यावर थांबतो, धक्का थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. तपासायला दोन माणसं गाडीवर बसवून मागचा भाग दाबा आणि तिसऱ्याने चेन हलवून बघा. तिथेही थोडी ढील हवी. प्रीलोडमध्ये मोठा बदल केला की चेन दर वेळी पुन्हा बघायची.

आता लिंकेज. नागपूरच्या आसपास काळी माती आहे. पावसाळ्यात तिचा चिखल रॉकर आणि डॉगबोन या लिंकेजच्या भागांच्या खाचांत बसतो, वाळून सिमेंटसारखा घट्ट होतो. मग वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने तो काढतात आणि त्याच फवाऱ्याने सीलमधून आत पाणी जातं, ग्रीस बाहेर येतं. दिवाळीपर्यंत नीडल बेअरिंग कोरडे आणि गंजलेले. अशा लिंकेजला हालचाल सुरू करायलाच जास्त बळ लागतं. त्यामुळे बारीक खडबड थेट सीटपर्यंत येते आणि मोठ्या धक्क्यावर तेच लिंकेज एकदम सुटतं.

तपासायची रीत सोपी आहे. गाडी फ्रेमवरून उचलून मागचं चाक अधांतरी करा. चाक दोन्ही हातांनी धरून हलकेच वर-खाली हलवा. ‘टक’ असा आवाज किंवा किंचित मोकळी हालचाल जाणवली, तर बुश, बेअरिंग किंवा शॉकच्या वरच्या-खालच्या बोल्टपैकी काहीतरी ढिलं आहे. मग शॉकचा खालचा बोल्ट काढा आणि चाक धरून चिमटा वर-खाली न्या. तो कुठेही न अडकता, एकसारखा फिरला पाहिजे. रॉकर सुटा करून बोटाने फिरवा. खरखर लागली की बेअरिंग गेलं.

ग्रीसिंग करताना एक काळजी घ्या. काही लिंकेजमध्ये नीडल पिंजऱ्याशिवाय सुट्ट्या असतात. आतली स्लीव्ह ओढली की सुया जमिनीवर. खाली ट्रे ठेवा, सुया मोजा, रॉकेल किंवा डिझेलने धुऊन पूर्ण वाळवा आणि पाण्याला टिकणारं ग्रीस भरून परत बसवा. स्लीव्हवर गंजाचे खड्डे असतील तर नुसतं ग्रीस भरून उपयोग नाही, स्लीव्ह आणि बेअरिंग जोडीने बदला. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने, टॉर्क पान्यानेच कसा. हे काम वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर. नागपुरात मागच्या सस्पेन्शनसाठी याहून फायद्याचं दुसरं काम नाही, आणि नेमकं हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

सॅग मोजणं

सॅग म्हणजे वजनाने गाडी मागून किती दबते ते अंतर. ते मोजायला एक माणूस गाडीवर, एक पुढून गाडी धरायला आणि एक मोजायला, असे तिघे लागतात. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, टेलवर एक चिकटपट्टी लावून खूण करा. तिन्ही मापं याच दोन बिंदूंमधली.

पहिलं माप, मागचं सस्पेन्शन पूर्ण मोकळं असताना. इथे हमखास चूक होते: चिमट्याखाली पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलणारा स्टँड) लावून माप घेतात. पॅडॉक स्टँडवर गाडीचं वजन चिमट्यावरच असतं, शॉक दाबलेलाच राहतो. गाडी साइड स्टँडकडे कलवून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत धरा, किंवा फ्रेमवरून उचला.

दुसरं माप, गाडी आपल्या वजनावर सरळ उभी असताना. सील आणि बेअरिंगच्या घर्षणामुळे हे माप एकच येत नाही. मागचा भाग थोडा उचलून हळू सोडा आणि मोजा, मग दाबून हळू वर येऊ द्या आणि मोजा. दोन्हींची सरासरी घ्या. तिसरं माप, स्वार बसून, हेल्मेट-जॅकेट-बुटांसह, दोन्ही पाय फूटपेगवर. पुढच्या माणसाने गाडी फक्त सांभाळायची, दाबायची नाही. याचीही तशीच सरासरी.

समजा पहिलं माप ५८५ मिमी आलं. दुसऱ्याचे दोन आकडे ५७६ आणि ५७२, म्हणजे ५७४. तिसऱ्याचे ५५३ आणि ५४७, म्हणजे ५५०. तर रिकाम्या गाडीचा सॅग ११ मिमी आणि स्वारासह सॅग ३५ मिमी. मागचा ट्रॅव्हल १२० ते १३५ मिमीच्या घरात असलेल्या स्पोर्ट बाइकला रस्त्यावर स्वारासह ३० ते ३५ मिमी आणि रिकाम्या गाडीला ५ ते १० मिमीच्या आसपास सॅग ठीक असतो. वरचं उदाहरण रस्त्यासाठी चालण्याजोगं आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा, एकटा कोणताच पुरेसा नाही. स्वारासह ३५ मिळवण्यासाठी प्रीलोड एवढा वाढवावा लागला, की रिकाम्या गाडीचा सॅग ० ते २ वर आला? मग तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ आहे. उलट स्वारासह ३५ आणि रिकामी गाडीच २० बसते? मग स्प्रिंग कडक आहे. दोन्ही वेळी इलाज स्प्रिंग बदलण्याचा. शॉकच्या सुट्या स्प्रिंगा सहसा ५ न्यूटन/मिमीच्या टप्प्याने मिळतात, एका टप्प्याने सुरुवात करा. ९०-९५ किलोच्या स्वाराला कंपनीच्या स्प्रिंगवर हे बरेचदा लागू पडतं.

सरासरी काढताना दुसऱ्या मापाच्या दोन आकड्यांतला फरकही लिहून ठेवा. ३-४ मिमी फरक असायचाच. तो ८-१० मिमी निघाला तर सॅगचं काम तिथेच थांबवा आणि लिंकेज उघडा. घर्षण एवढं असताना घेतलेला सॅग खोटा असतो.

प्रीलोड फिरवताना: पेचाची रिंग असेल तर आधी वरचं लॉकनट ढिलं करा, पेचावरची माती ब्रशने काढा, थोडा स्प्रे मारा, मग सी-स्पॅनर लावा. छिन्नी आणि हातोडीने ठोकून फिरवलेल्या ॲल्युमिनियमच्या रिंगा मोडतात, पेच खराब होतो, आणि पुढच्या वेळी रिंग हलतच नाही. पेचाचा पिच १.५ मिमी असेल आणि लिंकेजचं गुणोत्तर साधारण २ असेल (शॉक १ मिमी दबताना चाक २ मिमी हलतं), तर रिंगचा एक पूर्ण फेरा चाकापाशी जवळपास ३ मिमी सॅग बदलतो. सेट झाल्यावर लॉकनट घट्ट करा आणि रिंगवर रंगाची खूण ठेवा. लॉकनट ढिलं राहिलं तर रिंग धक्क्यांनी हळूहळू सैल होत सरकते. ‘सेट केलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यासारखं झालं’ यामागे कधीकधी एवढंच असतं.

क्लिकर: दोन प्रकारचे रस्ते, दोन प्रकारची उत्तरं

आधी सध्याची सेटिंग लिहून ठेवा. स्क्रू बंद केला की डॅम्पिंग वाढतं, सोडला की कमी होतं. स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत फिरवा आणि क्लिक मोजा. बंद झाल्यावर जोर लावू नका, आतली सुई आणि तिची बैठक खराब होते. सगळे आकडे ‘पूर्ण बंद पासून इतके बाहेर’ असेच लिहायचे. रिबाउंडचा स्क्रू बहुतेक शॉकना खालच्या टोकाला असतो, कॉम्प्रेशनचा वरच्या टोकाला किंवा गॅसच्या डब्यावर. मग मॅन्युअलमधल्या मूळ आकड्यांवर या आणि तिथून सुरू करा.

रिबाउंड आधी, कॉम्प्रेशन नंतर. बऱ्याच शॉकमध्ये रिबाउंडच्या सुईजवळून तेल दोन्ही दिशांना जातं. रिबाउंड बदललं की कॉम्प्रेशनही थोडं बदलतं, म्हणून उलट्या क्रमाने केलं तर काम दोनदा करावं लागतं.

नागपूरची एक सोय अशी, की दोष वेगवेगळे करून दाखवणारे दोन रस्ते इथे हाताशी आहेत. पहिला, सिमेंट काँक्रीटचा, जसा इनर रिंग रोड. काँक्रीटच्या पट्ट्यांना ठरावीक अंतरावर आडवे सांधे असतात, बऱ्याच ठिकाणी साधारण ४.५ मीटरवर. ताशी ६० किमीला चाकाला सेकंदाला जवळपास ४ ठोके बसतात, ८० ला जवळपास ५. म्हणजे ८० ला दोन ठोक्यांमध्ये चाकाला परत खाली यायला सेकंदाचा पाचवा भाग मिळतो.

इथे नीट लक्ष द्या. पहिले दोन-तीन सांधे मऊ गेले आणि पुढे प्रत्येक सांधा आधीच्यापेक्षा कडक लागत गेला, तर रिबाउंड जास्त बंद आहे. पुढचा ठोका येईपर्यंत चाक पूर्ण खाली येत नाही, शॉक ठोक्यागणिक आत आत दबत जातो. वेग ४० पर्यंत उतरवल्यावर हा त्रास कमी झाला तर निदान पक्कं. रिबाउंड २ क्लिक सोडा आणि त्याच पट्ट्यावर परत जा. पण पहिलाच सांधा दहाव्याइतका कडक लागत असेल, तर रिबाउंडचा संबंध नाही. हवा जास्त, लिंकेज कोरडं, प्रीलोड टोकाला, किंवा कॉम्प्रेशन जास्त, याच क्रमाने बघा.

कॉम्प्रेशनमध्ये ‘हाय स्पीड’ आणि ‘लो स्पीड’ असे दोन स्क्रू असतील, तर ते नाव शॉकच्या दांड्याच्या वेगाचं आहे, गाडीच्या वेगाचं नाही. सांध्याचा ठोका, उड्डाणपुलाचा जोड, धारदार खड्डा हे हाय स्पीड. थ्रॉटल दिल्यावर मागचा भाग बसणं, लांब लाटेवर दबणं हे लो स्पीड. सांध्याच्या ठोक्यासाठी लो स्पीड सोडत बसलात तर ठोका फारसा कमी होत नाही, आणि गाडी वळणातून बाहेर पडताना मागून बसायला लागते.

दुसरा रस्ता काळ्या मातीवरचा डांबरी. काटोल, कळमेश्वर, सावनेरकडच्या आतल्या रस्त्यांवर अशा लाटा भरपूर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर लांब लाटांसारखं उंच-सखल होतं. १५ मीटरच्या लाटा ताशी ८० ते १०० ला सेकंदाला दीड-दोन हेलकावे देतात, आणि स्वारासकट गाडीची स्वतःची डोलण्याची लयही याच्या जवळची असते. म्हणून डॅम्पिंगमधली कमतरता इथे लपत नाही. लाट संपल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर रिबाउंड ठीक. दोन-तीनदा डोलली तर २ क्लिक बंद करा. लाटेच्या तळाशी गाडी खोल बसते पण वर येऊन नीट थांबते, असं असेल तर रिबाउंडला हात लावू नका आणि लो स्पीड कॉम्प्रेशन १-२ क्लिक बंद करा.

या दोन रस्त्यांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध जातात. लाटांना रिबाउंड बंद हवं, सांध्यांना मोकळं. दोन्हींवर चालेल असा पट्टा फक्त ३-४ क्लिकचा असतो आणि तो शोधणं हेच खरं सेटिंग. पट्टा सापडतच नाही, एका टोकाला डोलणं थांबेपर्यंत दुसऱ्या टोकाला ठोके सुरू, असं होत असेल तर क्लिकर थांबवा. स्प्रिंग चुकीची आहे, किंवा शॉकमधलं तेल खराब झालं आहे.

गाडी उभी करून सीट दाबून रिबाउंड तपासण्याची पद्धत ढोबळ म्हणून ठीक आहे: दाबून सोडल्यावर मागचा भाग वर येऊन तिथेच थांबायला हवा, उड्या मारायला नको आणि रेंगाळायलाही नको. त्यावरून सुरुवातीचा आकडा घ्या, शेवटचा नाही.

वळणात कळणाऱ्या खुणा थोडक्यात. सेमिनरी हिल्सचा रस्ता किंवा रामटेकच्या गडाचा घाट यासाठी पुरेसा आहे, तोही पहाटे आणि रहदारीच्या मर्यादेतच. गॅस उघडल्यावर गाडी वळणाबाहेर सरकते आणि हँडल हलकं वाटतं, तर मागचा भाग फार बसतो आहे: आधी सॅग, मग लो स्पीड कॉम्प्रेशन. गाडी झुकायला जड वाटते तर मागची उंची कमी आहे. पटकन झुकते पण जोरात ब्रेक मारताना मागचं चाक उड्या मारतं, तर मागची उंची जास्त किंवा रिबाउंड जास्त बंद. जास्त वेगात सरळ रस्त्यावर मागचा भाग डावी-उजवीकडे सापासारखा हलतो, तर शॉक सोडून आधी टायर, चिमट्याचा मुख्य बोल्ट, हँडलचं बेअरिंग आणि मागे बांधलेलं सामान बघा.

एका वेळी एकच बदल, त्याच रस्त्यावर, त्याच हवेवर. तारीख, तापमान, टायरची हवा, प्रीलोड-रिबाउंड-कॉम्प्रेशनचे आकडे आणि काय जाणवलं, एवढं मोबाइलमध्ये लिहा. दोन स्क्रू एकदम फिरवले की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

मे महिना आणि डिसेंबर

शॉकमधलं तेल तापलं की पातळ होतं आणि डॅम्पिंग कमी होतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नागपुरात पारा १० अंशांच्या आसपास असतो, मेमध्ये काही दुपारी ४५ च्या पुढे. शिवाय मागचा शॉक इंजिन आणि सायलेन्सरच्या मधोमध बसलेला, त्याला वाऱ्याची झुळूक फारशी मिळत नाही. थंडीत केलेली सेटिंग उन्हाळ्यात तशीच राहील अशी अपेक्षाच चुकीची. मार्चपासून तक्रारी वाढतात त्या याच कारणाने.

इलाज सरळ आहे. सेटिंग नेहमी १५-२० मिनिटं चालवून शॉक तापल्यावर करा. उन्हाळ्यासाठी रिबाउंड १-२ क्लिक बंद, थंडीसाठी १-२ क्लिक सोडून, असे दोन आकडे वहीत वेगळे ठेवा. प्रीलोडला ऋतूशी देणंघेणं नाही, त्याला हात लावू नका.

पण ऋतूचा बदल आणि शॉकचा आजार यात फरक करायला शिका. गाडी निघताना चांगली, अर्ध्या तासाने डोलायला लागते, चहाला तासभर थांबलं की पुन्हा चांगली, हे ऋतूचं काम नाही. तेल जुनं झालं आहे किंवा गॅसचा दाब उतरला आहे. दाब कमी झाला की तेलात फुगे तयार होतात आणि पिस्टनला धड विरोध मिळत नाही. क्लिकरने हे झाकलं तर सकाळी गाडी लाकडासारखी आणि दुपारी पुन्हा तीच.

पिलियन किंवा सामान असताना प्रीलोड वाढवायचा, तेव्हा रिबाउंडही १-२ क्लिक बंद करा, कारण जास्त दाबलेली स्प्रिंग जास्त जोराने परत येते. आणि एकटं चालवताना दोन्ही मूळ जागी आणा. लग्नसराईत जोडीने फिरून आल्यावर महिनोन्‌महिने तोच प्रीलोड ठेवून एकट्याने चालवल्या जाणाऱ्या गाड्या खूप आहेत.

फक्त खाचांचा प्रीलोड असलेल्या गाड्या

३००-४०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना मागे पायऱ्यांचा प्रीलोड असतो, डॅम्पिंग बदलता येत नाही. तरी सॅग मोजा. मधल्या खाचेवर स्वारासह ३०-३५ मिळत असेल तर तिथेच राहा. पुढचं सगळं टायरची हवा, चेन आणि लिंकेजच्या ग्रीसवर. या तीन गोष्टी नीट असतील तर अशा गाड्यांच्या निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात. खाच बदलताना हातमोजे घाला आणि सी-स्पॅनरचा दांडा लांब घ्या, कॉलर सुटला की बोटं चिमट्यावर आपटतात.

क्लिकर फिरवूनही काहीच फरक पडत नाही तेव्हा

ही शेवटची चाचणी. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, रिबाउंड एकदा पूर्ण मोकळं आणि एकदा जवळपास पूर्ण बंद करून बघा. फरक आंधळ्यालाही कळावा इतका मोठा असायला हवा. तो नसेल तर शॉक उघडण्याची वेळ झाली. दांड्यावर तेलाचा ओला पट्टा, त्यावर चिकटलेली काळी धूळ, दांड्याच्या क्रोमवर ओरखडे या बाकीच्या खुणा. रस्त्यावरच्या गाडीला २०,००० किमीच्या आसपास तेल आणि सील बदलणं योग्य. लोक ५०,००० पर्यंत ओढतात आणि दरम्यान तीन वेळा प्रीलोड वाढवतात.

शॉक घरी उघडू नका. आत १० ते २० बार, म्हणजे साधारण १५० ते ३०० पीएसआय, दाबाचा नायट्रोजन असतो. झाकण उडून डोळा जाऊ शकतो. काम देताना दुकानात सरळ विचारा: सिलिंडर आणि रेग्युलेटरने नायट्रोजन भरता का, या शॉकला किती बार लागतो, तेल कोणत्या ग्रेडचं घालता, सील किट कोणतं. टायरच्या दुकानातला नायट्रोजन यासाठी चालत नाही, तिथलं यंत्र एवढा दाब देतच नाही. काँप्रेसरची साधी हवा तर अजिबात नको. तिच्यात ओल असते, ती आत गंज आणते आणि ऑक्सिजन तेल लवकर खराब करतो. जाड तेल घालून ‘कडक करून देतो’ म्हणणाऱ्यालाही नकार द्या. जाड तेलाने रिबाउंड आणि कॉम्प्रेशन दोन्ही एकदम वाढतात, सांध्यांवर ठोके दुप्पट होतात, आणि उन्हाळ्यात ते तेलही पातळ व्हायचंच.

काही कंपनी शॉक सीलबंद असतात, उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात. त्यांना भोक पाडून व्हॉल्व्ह बसवून देणारे कारागीर भेटतात. व्हॉल्व्हची जागा आणि वेल्डिंग चोख नसेल तर गॅस काही महिन्यांत उतरतो. त्यापेक्षा नवा शॉक, किंवा पुन्हा उघडता येणारा शॉक आपल्या वजनाच्या स्प्रिंगसह घेणं स्वस्त पडतं.

रिबिल्ड होऊन आलेल्या शॉकवर जुने क्लिक धरू नका. मूळ आकड्यांवर या, सॅग पुन्हा मोजा, सिमेंटचा पट्टा आणि लाटांचा रस्ता दोन्ही पुन्हा करा. दांड्याला एक बारीक झिप टाय सैल बांधा आणि दोन-चार दिवस रोजच्या रस्त्यांवर चालवा. टाय दांड्यावर शेवटून थोडी आधी थांबत असेल तर ट्रॅव्हल पुरेपूर वापरला जातो आहे. टोकाला जाऊन बंप रबरात (दांड्याच्या टोकाशी शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरात) रुतत असेल तर कॉम्प्रेशन १-२ क्लिक बंद करा किंवा स्प्रिंग बघा. निम्म्यावरच थांबत असेल तर कॉम्प्रेशन सोडा. ५०० किमीनंतर दांडा स्वच्छ फडक्याने पुसा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा: ताजा ओला पट्टा दिसला तर सील नीट बसलेलं नाही, शॉक लगेच दुकानात परत न्या.